पुरुषांच्या बाजूची सतरंजी

देव ऐकतो की नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून कधी पडलाच नाही. पडायला सवडच नव्हती. साताऱ्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळात रविवारी सकाळी इतकी माणसं असायची, की देवाने ऐकलं नाही तरी शेजारणीने ऐकलेलं असायचं. चपला बाहेर, डोक्यावर पदर, मधल्या वाटेच्या उजव्या हाताला बायकांच्या सतरंज्या आणि डाव्या हाताला पुरुषांच्या. पाळकसाहेबांनी एक वाक्य म्हणायचं आणि सगळ्या मंडळीने एका आवाजात त्याला उत्तर द्यायचं. त्यात माझा आवाज कुठला, हे माझं मलाही कळत नसे. आमचे हे पुरुषांच्या बाजूला अगदी पुढे बसून पेटी वाजवायचे. उपासना चालू असताना आम्ही एकमेकांकडे बघत नसू, तशी रीतच नव्हती. पण पेटीचा भाता जरा जास्त जोरात हलायला लागला की मला कळायचं, यांना भूक लागली आहे.

मग एका पावसाळ्यात कावीळ होऊन हे गेले. मूलबाळ नव्हतं. लग्नाआधी शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं होतं, ते आता कामाला आलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. पण गाव मिळालं वडूजच्याही पलीकडचं, माळावरचं. एस.टी. यायची तेव्हा यायची. सांगलीला माझा भाऊ होता. तो म्हणाला, "कशाला त्या रानात जातेस? माझ्याकडे ये, दोन घास आम्हाला जड नाहीत." वहिनी वाईट नव्हती. पण 'दोन घास जड नाहीत' असं ज्या घरात बोलून दाखवावं लागतं, तिथे प्रत्येक घास मोजूनच गिळला जातो, एवढं मला कळत होतं. मी नोकरी धरली.

निघण्याआधी पाळकसाहेबांना सलाम करायला गेले. ते म्हातारे होते, कडक होते, आणि माझा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. आमच्या आईने आम्हाला एक गोष्ट पाठीवर धपाटे घालून शिकवली होती, की पाळकांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मी म्हणाले, "साहेब, त्या गावात आपलं एकही घर नाही. रविवारी मी माझी एकटीच पवित्र शास्त्र वाचीन, प्रार्थना करीन."

"एकटीची प्रार्थना रोज कर," ते म्हणाले. "रविवारी उपासना. पूर्ण क्रमाने. दोन सतरंज्या अंथरायच्या, एक बायकांच्या बाजूला, एक पुरुषांच्या. दार उघडं ठेवायचं. माझं वाक्य मोठ्याने म्हणायचं, मग मंडळीचं उत्तर, तेही मोठ्याने. फक्त शेवटचं आशीर्वचन तू म्हणायचं नाहीस, तो अधिकार तुझा नाही. तिथे मान खाली घालून गप्प उभी राहा."

"पण पुरुषांच्या सतरंजीवर बसणार कोण?"

"कोण बसणार ते तू ठरवायचं नाहीस. तू अंथर."

मला हे पटलं नाही, हे इथे सरळ लिहिते. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, तसंच हे, असं मी मनात म्हटलं. शिवाय ज्या बाईच्या घरातला पुरुष नुकताच गेलाय तिला दर रविवारी पुरुषांची जागा अंथरायला सांगणं, यात दया कुठली? पण शब्द मोडायचा नाही हेही अंगात इतकं मुरलेलं, की बाजारातून दोन सतरंज्या घेऊनच मी एस.टी.त चढले.

गावात मला जागा दिली ती सुभेदार आबांनी. लष्करातून निवृत्त होऊन शेती बघणारे, मिशा पांढऱ्या पण पीळ तोच. गावात सरपंच दुसराच कुणी होता, पण शब्द चालायचा तो आबांचा. त्यांचं गावाच्या कडेला एक जुनं कौलारू घर रिकामं होतं, ते त्यांनी मला दिलं. घराच्या बाजूच्या भिंतीला लागून म्हाकूबाई नावाच्या म्हाताऱ्या धनगरणीचं मेंढरांचं वाडगं होतं. दिवाळी झाली की तिचा नवरा आणि मुलं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब निघून जायची. तिचे गुडघे गेलेले, म्हणून ती दोन-चार आजारी मेंढरं सांभाळत मागे राहायची. दिवसभर ती मेंढरांशी बोलायची, आणि भिंतीअलीकडे मी चुलीशी.

पहिल्या रविवारी मी दोन्ही सतरंज्या अंथरल्या, दार उघडं टाकलं, पदर घेतला आणि उभी राहिले. पाळकांचं वाक्य म्हणताना माझा आवाज पाढे म्हणून घेतानाच्या चालीवर गेला, कारण मोठ्याने बोलायची दुसरी सवयच नव्हती. मग जरा थांबून मंडळीचं उत्तर खालच्या पट्टीत म्हटलं. मला इतकी लाज वाटली, की मी मान वर करून बाहेर कुणी हसतंय का ते पाहिलं. कुणी नव्हतं. गीत म्हणताना पेटी नसल्याने सूर कुठे लावावा तेच कळेना, आणि नजर राहून राहून त्या रिकाम्या सतरंजीकडे जाई. शेवटी आशीर्वचनाच्या जागी मान खाली घालून गप्प उभी राहिले. लहानपणापासून कुठलीही उपासना आशीर्वादाशिवाय संपलेली मला ठाऊक नव्हती. त्या दिवशी ती तशीच संपली, आणि मी सतरंज्या गुंडाळून भाकरी थापायला बसले.

पुढच्या रविवारांना एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. एरवी गाव माझ्याशी बरं वागत होतं. बायका कालवणाची वाटी आणून देत, कुणी घरात दुखणं-खुपणं असलं की विचारायला येत, पोरं तर दारातच पडीक असत. पण रविवार उजाडला, की माझ्या दारापुढची बोळ ओस पडायची. विटी-दांडू खेळणारी पोरं उठून दुसरीकडे जायची. कुत्रीसुद्धा दिसायची नाहीत. एकदा विहिरीवरून येणारी एक बाई मला दारात उभी पाहून चक्क तोंड फिरवून आल्या पावली परत गेली, डोक्यावर भरलेली घागर असताना. दुसऱ्या दिवशी तीच बाई हसत हसत मुलाचं नाव शाळेत घालायला आली.

मी मूर्ख नव्हते. आमच्या आजोबांची जात कुठली, ते किरिस्ताव का झाले, असल्या गोष्टी गावाला सांगाव्या लागत नाहीत, त्या वाऱ्यावर पोचतात. सहा दिवस बाई चालते, कारण पोरांना अक्षरओळख हवी. कामापुरता मामा. सातव्या दिवशी बाई आपल्या देवाचं नाव घ्यायला लागली, की तिची सावली नको. असा मी त्याचा अर्थ लावला आणि तो इतका नीट बसला, की दुसरा काही अर्थ असू शकेल हे मनातही आलं नाही. म्हाकूबाईसुद्धा रविवारी मेंढरांशी बोलत नसे. भिंतीपलीकडे अगदी चिडीचूप. म्हटलं, हिलाही मी बाटवीन की काय असं वाटतंय.

माणसांची पाठ दिसली, तरी देवाचं तोंड दिसत असतं तर मी सोसलं असतं. पण तिकडूनही काही नव्हतं. मी बोलायचे आणि माझंच मला ऐकू यायचं. पाळकही मी, मंडळीही मी. हळूहळू वाटायला लागलं की साताऱ्याच्या देवळात इतकी वर्षं मला जो देव वाटत होता, तो देव नसून ती माणसंच होती. त्यांचा एवढा मोठा आवाज, त्यातच मी कुणीतरी ऐकतंय असं समजत होते. आता माणसं नाहीत, तर कुणीच नाही. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा मी भ्याले. पुढे पुढे तो रोजचा झाला आणि भीतीही वाटेनाशी झाली, ते जास्त वाईट होतं.

पौषातल्या थंडीत मी ठरवून टाकलं. येता रविवार शेवटचा. सोमवारी वडूजला जाऊन राजीनामा द्यायचा आणि सांगलीला भावाकडे जायचं. वहिनीच्या हाताखाली राहीन, रविवारी तिच्याबरोबर देवळात जाऊन चारचौघींसारखी बसेन. मनाने काही नसलं तरी चालेल, शरीराने मंडळीत असले की झालं. आणि ही दोन सतरंज्यांची उपासना बंद. मी तिचं ओझं पुरेसं वाहिलं, आता पाळकसाहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

त्या शनिवारी शाळेतून येतानाच अंग मोडून आलं. माळावरचा वारा बाधला असेल म्हणून मी आल्याचा चहा घेतला आणि गोधडीत शिरले. सकाळी उठले तेव्हा श्वास घेतला की बरगडीत कळ येत होती आणि घर हलत होतं. खरं तर पडून राहायला हवं होतं. पण शेवटचीच उपासना, ती तरी नीट व्हावी, असं काहीसं डोक्यात घेतलं. किंवा डोक्यात काहीच नव्हतं आणि हातच आपले काम करत होते. बायकांची सतरंजी अंथरली. पुरुषांची अंथरताना उभं राहवेना, गुडघ्यांवर रांगत तिची टोकं सरळ केली. दार उघडलं. पदर घेऊन उभी राहिले आणि पाळकांचं वाक्य म्हटलं. उत्तराला तोंड उघडलं, तर आत श्वासच नव्हता. मी दोन्ही सतरंज्यांच्या मधल्या वाटेवर कोसळले.

शुद्ध पूर्ण गेली नव्हती. पडल्या जागेवरून मला उघडं दार दिसत होतं, बाहेरचं ऊन दिसत होतं. हाक मारायला जावं तर घशातून हवेशिवाय काही निघेना. बोळीच्या टोकाला एक बाई आली. तिने माझ्या दाराकडे पाहिलं न पाहिलं, पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि निघून गेली. दार सताड उघडं, गाव हाकेच्या अंतरावर, आणि मी तिथे मरत होते. त्या वेळी मला जितकं एकटं वाटलं तितकं हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान त्यांच्या उशाशी मी होते. माझ्या उशाशी कोण होतं? मी प्रार्थना केली नाही. मला प्रार्थना सुचलीच नाही.

मग दारात वहाणा काढल्याचा आवाज आला. उंबऱ्यापाशी दोन अनवाणी, भेगाळलेले पाय थांबले. म्हाकूबाई होती. मला वाटलं, ती धावत माझ्याकडे येईल. पण तिने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुरुषांच्या सतरंजीकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"धनी, रागावू नगा," ती त्या रिकाम्या सतरंजीला म्हणाली. "तुमच्या येळंला कुनी येऊ न्हाई, ठावं हाय मला. पर बाईंचा आवाज मधीच तुटला, म्हनून आली. जरा सरकून बसा. मला त्यास्नी उचलायचं हाय."

आणि ती खरोखर थांबली. बसलेल्या माणसाला सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. मग सतरंजीवर पाय न ठेवता, तिच्या कडेकडेने अंग चोरत, आपले दुखरे गुडघे सावरत माझ्यापाशी आली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. मला काय चाललंय ते कळत नव्हतं. एवढंच कळलं, की हे गेल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं. इतके दिवस लोक त्यांच्याविषयी बोलत होते, तेही हळूहळू थांबलं होतं. ही बाई त्यांना धनी म्हणाली, सरकून बसा म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला वाटलं तापाने.

"आवं सुबेदार!" तिने अशी काही आरोळी ठोकली, की माळावरची मेंढरं वळावीत. "पळा रं कुनीतरी! बाई पडल्यात!"

त्यानंतर गाव आलं. एवढी माणसं कुठून आली ते मला कळेना, कारण क्षणापूर्वी तिथे चिटपाखरू नव्हतं. आबांनी बैलगाडी जुंपली, खाली कडबा घातला, आणि मला वडूजच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले. म्हाकूबाई गाडीत चढली ती कुणाला न विचारता. तिची घोंगडी माझ्या अंगावर होती, मेंढरांच्या वासाची. तो वास मला अजून कुठे आला तर मी थांबते. गाडीला धक्का बसला की ती माझं डोकं दोन्ही हातांनी धरायची. मधून मधून तिच्या बिरोबाचं नाव घ्यायची. माळ संपता संपता तिने आपला खरबरीत तळवा माझ्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "बरी हुशील लेकी. तुझं समदं चांगलं हुईल. घाबरू नगंस, म्या हाय."

माझी मान आपोआप खाली झुकली. सवयच ती. सातारा सोडल्यापासून मला न मिळालेलं आशीर्वचन त्या गाडीत, कडब्यावर पडल्या पडल्या मिळालं. तो अधिकार तिला कुणी दिला, हे मी विचारत बसले नाही.

वडूजच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि साताऱ्याला हलवायला सांगितलं. न्यूमोनिया होता. बरंच मागाहून मला सांगण्यात आलं, की उशीर झाला असता तर अवघड होतं. दवाखान्यात पाळकसाहेब भेटायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि भीत भीत विचारलं, की आपल्यात गेलेल्या माणसाशी बोलत नाहीत, तर त्या म्हातारीचं बोलणं मला इतकं गोड का वाटलं, त्यात माझं काही चुकलं का? ते म्हणाले, "आत यायच्या आधी तिने परवानगी मागितली. मी इतकी वर्षं उपासना चालवतो, पण घाईगर्दीत सरळ आत घुसतो." आणि चष्मा पुसत बसले. त्यांना एवढं मऊ झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मलाच कसंतरी झालं.

गावात परतले त्या दिवशी संध्याकाळी सुभेदार आबा आले. आत आले नाहीत. पायरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, आमची लय मोठी चूक झाली," ते म्हणाले. "आमच्या मानापायी तुमचा जीव जात हुता."

"कसला मान, आबा?"

"आवं, रविवारचं म्हनतोय. सकाळच्या पारी तुमच्या दाराकडं कुनी फिरकायचं न्हाई, पोरं हाकलायची, कुत्री बांधायची, असं म्याच सांगितलं हुतं गावाला."

म्हटलं, आता आबा जातीचं तोंडाने सांगणार, ऐकून घ्या बाई. मी विचारलं, "का?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "का म्हंजी? तुमचं मालक येत्यात न्हवं त्या दिशी?"

आबाच पुढे सांगायला लागले. "पहिल्या म्हैन्यात कौलं बघाय आलो हुतो. दार उघडं. तुमी हुब्या, डोईवर पदर, आन् त्या रिकाम्या सतरंजीकडं बघून बोलत हुता. मग जरा थांबून बारक्या आवाजात उत्तर. म्या वळकलं. तसाच माघारी फिरलो. आमच्यात पित्रांचं पान वाढलं की तिथं कुनी घोटाळत न्हाई, त्यास्नी जेवू द्यायचं असतं. हिथंबी तसंच. मानूस आपल्या गेलेल्या मानसापाशी बसलंय, तिथं आपन कशाला? बायकांना सांगितलं, येळंला समोर आला तर तोंड फिरवा, बघू नगा. म्हाकूला म्हनलं, तू भितीला लागूनच हायीस, तुझी बडबड बंद ठेव."

मी हसायला लागले. मग रडायला लागले. मग दोन्ही एकदम. आबा घाबरून उठून उभे राहिले. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाले, "आबा, ते येत नाहीत. ते गेले. आमच्यात असं येत नसतं कुणी."

"मग ती दुसरी सतरंजी कुनाला?"

"जो येईल त्याला. देवाच्या उपासनेला गावातून कुणी आलं, तर बसायला."

आबा उंबऱ्यातून आत डोकावले. "मग इतक्या दिसांत कुनीच आलं न्हाई?"

"तुम्ही कुणाला येऊ दिलंत कुठं?"

आता हसायची पाळी त्यांची होती. इतके मोठ्याने हसले, की भिंतीपलीकडून म्हाकूबाईने विचारलं, "काय झालं रं सुबेदार?" पण हसून झाल्यावर ते उठले, आणि जाताना मला वाकून नमस्कार करून गेले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. मला सलामसुद्धा करायचं सुचलं नाही.

राजीनामा द्यायला मी गेले नाही. भावाला कळवलं, की मी इथेच आहे, बरी आहे. पुढच्या रविवारी म्हाकूबाई आली आणि बायकांच्या सतरंजीवर बसवलं तरी उठून उंबऱ्यापाशीच बसली. "हितनं मेंढरं दिसत्यात," म्हणाली. तिने तिचा बिरोबा सोडला नाही आणि मीही तिला कधी सोडायला सांगितलं नाही. एकदा आबा आले. पुरुषांच्या बाजूला परेडला उभं राहावं तसे ताठ बसले आणि माझी प्रार्थना लांबली तेव्हा बसल्या बसल्या घोरायला लागले. पोरं पुन्हा बोळीत खेळायला लागली, कुत्री भुंकायला लागली, बायका दारातून मोठमोठ्याने विचारू लागल्या, "बाई, झालं का देवाचं?" मला आवाज चढवावा लागायचा. पूर्वीचा मानच बरा होता, असंही कधी कधी वाटायचं.

एकटेपण संपलं, असं मात्र मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. बहुतेक रविवारी मी एकटीच असायचे. म्हाकूबाईचे गुडघे दुखायचे, आबांना शेत असायचं. भाकरी एकीपुरतीच थापायची, आणि संध्याकाळी माळावर दिवे लागले की यांची आठवण अजून बरगडीत कळ उठावी तशी यायची. देवाने त्या खोलीत माझ्याशी एक शब्दही बोलून दाखवला नाही. स्वप्न नाही, वाणी नाही, उजेड नाही. लोक मला विचारतात, तुम्हाला अनुभव आला म्हणजे नक्की काय झालं? मी सांगते, एक म्हातारी आली आणि तिने मला उचललं. यापेक्षा मोठं काही सांगता येत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. त्या गावाने माझ्याकडे पाठ फिरवली होती ती मानाने, मायेने, आणि मी ती तुच्छता समजून महिनोन् महिने कुढत बसले होते. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मी लावला, तो साफ चुकला. माणसांच्या बाबतीत जर माझा अंदाज इतका चुकतो, तर देव गप्प आहे म्हणजे तो नाही, हे मी कुठल्या तोंडाने म्हणत होते? तो का गप्प असतो ते मला ठाऊक नाही. विचारणंही मी सोडून दिलं आहे. आज्ञा पाळताना मन लागलं पाहिजे, असं मला पूर्वी वाटायचं आणि मन लागत नाही म्हणून मी स्वतःवर चिडायचे. आता वाटतं, मनाचं मनाने येईल तेव्हा येईल. हात-पाय तर आपल्या ताब्यात आहेत, ते देवापुढे उभे करता येतात. त्या सकाळी माझ्याजवळ श्रद्धा उरली नव्हती, फक्त उभं राहणं उरलं होतं, आणि त्याने तेवढ्यावर भागवून घेतलं. याबद्दल त्याचे उपकार मानायला मला शब्द पुरत नाहीत.

प्रभो, तुझ्या गप्प राहण्यावर मी आता रुसत नाही. तुला बोलायचं असेल तेव्हा बोल. मी कुठे जात नाही.